शरणागत, पण कुणाला?

पुण्यात नोकरीला लागून मला पाच वर्षं झाली. नव्या टीममध्ये नाव सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, ‘शरणागत? हे आडनाव आहे?’ आणि त्याच्यामागून ठरलेला विनोद, ‘कुणाला शरण गेला होतात?’ मीही ठरलेलं हसते. कुणी फारच खोदून विचारलं तर ‘आमच्या गोंदियाकडे असतात शरणागत’ एवढं सांगून विषय बदलते. खरं तर त्यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं.

मागच्या वर्षी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, गेले. चोरखमाऱ्याला त्यांच्या नावावर थोडी धानाची शेती. वारसांची नोंद करायची म्हणून बाबांनी घरातले कागद गोळा केले, तर आडनावाचे तीन प्रकार निघाले. सातबाऱ्यावर ‘शरणागत’. आत्याबाई लग्न होऊन वारासिवनीला गेली, म्हणजे मध्य प्रदेशात. तिच्या तिकडच्या कागदांवर वडिलांचं आडनाव ‘सरनागत’. आणि सगळ्यात जुन्या, घडीवर फाटलेल्या नकलेवर आबाजींच्या वडिलांचं नुसतं नाव, पुढे ‘वल्द’ आणि त्यांच्या वडिलांचं नाव, त्यापुढे जात. आडनावच नाही. कचेरीतल्या बाबूंनी सांगितलं, ‘ही सगळी माणसं एकाच घरातली आहेत हे दाखवा. वंशावळ काढा, प्रतिज्ञापत्र जोडा.’

माझं काम डेटाबेसचं. एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी दोन स्पेलिंगांनी आल्या की त्या जुळवत बसणं हे माझं रोजचं दुखणं. बाबांना म्हटलं, ‘वंशावळ मी काढते.’ आठ दिवसांची रजा टाकली आणि गावी गेले. वाटलं होतं दोन दिवसांत उरकेल. पण वंशावळ बाजूलाच राहिली आणि मी आडनावाच्या मागे लागले.

*

चोरखमारा तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. बाहेरचे लोक इथे येतात ते वाघ बघायला, कारण अभयारण्याचं एक प्रवेशद्वार इथेच आहे. गावाजवळ १९२३ साली बांधलेला मोठा तलाव आहे. शाळेच्या सुट्टीत मावसभाऊ मला ‘चोरांच्या गावची’ म्हणून चिडवायचे आणि मी चिडायचे. गावाच्या नावात ‘चोर’ ऐकू येतो, म्हणून गाव चोरांचं होत नाही, हे मला कळायचं. तोच हिशेब आडनावाला लावायचं मात्र कधी सुचलं नाही.

कारण आडनावाच्या गोष्टी घरात होत्या. आबाजी सांगायचे, आपला कुणी पूर्वज लढाईत हरला आणि राजाला शरण गेला, राजाने त्याला जमीन दिली. धाकटे आबाजी याच्या बरोबर उलटं सांगायचे. शरण आलेल्याला आपल्या पूर्वजाने दार उघडलं, आपण शरण जाणारे नाही, शरण देणारे. मला लहानपणापासून दुसरी गोष्ट आवडायची. का आवडायची ते सांगायला नको.

या वेळी आजीला सरळ विचारलं. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि घरात पोवारीच बोलते, आपल्या ‘आहे’ला ‘से’ म्हणते. तिने माझ्याकडे बघून हसत सांगितलं, ‘आडनाव ते शाळेत लागतं. आपल्यात कुर असते.’

पोवार समाजात कुळाला ‘कुर’ म्हणतात. बिसेन, रहांगडाले, कटरे, पटले, तुरकर, बोपचे, टेंभरे, हरिणखेडे, येडे, पारधी, शरणागत अशी छत्तीस कुळं सांगितली जातात. स्वतःच्या कुरमध्ये लग्न होत नाही. त्यामुळे नव्या माणसाची ओळख करून घेताना गावानंतरचा दुसरा प्रश्न कुरचा. हे नाव रोज लागत नव्हतं. ते लागायचं सोयरीक जुळवताना.

मग जुन्या नकलेचं कोडं सुटलं. बंदोबस्ताच्या वेळी सरकारला हवा होता सारा. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली तर वडिलांचं नाव घातलं की काम भागे. म्हणून नाव, वल्द, जात, साकिन. कुर ही सरकारच्या कामाची गोष्ट नव्हती, ती सोयऱ्यांच्या कामाची होती. पुढे शाळा आल्या, दाखल-खारीज रजिस्टर आलं, त्यात आडनावाचा रकाना आला आणि गुरुजींनी पोराला विचारलं असेल, ‘आडनाव काय?’ पोराने कुर सांगितली. आमच्या घराचं ‘आडनाव’ तिथे जन्मलं, आबाजींच्या पिढीत. नाव जुनं आहे, पण आडनाव म्हणून त्याचं वय शंभर वर्षंसुद्धा नाही.

*

आडनावं कागदाच्या गरजेतून पक्की होतात हे जगभर झालेलं आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चना लग्नं आणि बाप्तिस्मे यांच्या वह्या ठेवायला लावल्या आणि इटलीतली सैल आडनावं हळूहळू घट्ट झाली. फिलिपिन्समध्ये १८४९ साली क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरने आडनावांची छापील यादीच गावोगाव पाठवली. कुठे कुठे एका गावाच्या वाट्याला यादीतलं एखादंच पान आलं आणि अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू झाली. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं.

आमच्या आडनावाच्या सगळ्यात जवळचं वाटलं ते इटलीतलं ‘एस्पोझितो’. अर्थ, ‘बाहेर ठेवलेला’. नेपल्सच्या अनुन्झियाता या संस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. ज्यांना मूल सांभाळता येत नसे ते बाहेरून त्यात बाळ ठेवत, कपाट फिरे आणि बाळ आत जाई. अशा मुलांना हे नाव मिळे. ते कपाट १८७५ साली बंद झालं, पण एस्पोझितो हे आजही नेपल्समधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. तिथे शब्दाचा अर्थ आणि नावाचा इतिहास एकच आहे, कारण संस्थेच्या वह्या आहेत. मूल कधी आलं, काय नाव ठेवलं, सगळं लिहिलेलं.

आमच्याकडे वही नाही, शब्द आहे. आणि तो शब्दही आजीच्या तोंडी ऐकला तर ‘सरनागत’ असा येतो. पोवारी बोलणाऱ्या जुन्या माणसांच्या जिभेवर ‘श’ आणि ‘ण’ बसत नाहीत. पलीकडे बालाघाटच्या कागदांवर बोलल्यासारखं लिहिलं गेलं, ‘सरनागत’. अलीकडे मराठी गुरुजींनी ते ‘शुद्ध’ केलं. मला आता असं वाटतं की पूर्वजाला लढाईत हरवायचं काम या ‘श’ने केलं. ‘सरनागत’ ऐकून कुणाला शरण जाणारा माणूस दिसत नाही. ‘शरणागत’ लिहिलं की संस्कृत शब्द उभा राहतो, आणि शब्द उभा राहिला की त्याला साजेशी गोष्ट कुणीतरी रचतंच. आमच्या घरात तर दोन रचल्या गेल्या.

*

मग आम्ही आलो कुठून? समाजात सांगितलं जातं ते धारहून. माळव्यातल्या परमार राजांची धार, राजा भोजाची धार. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथात ही परंपरा दिली आहे. त्यांच्या मांडणीनुसार पोवार आधी रामटेकजवळच्या नगरधनला येऊन राहिले, मग नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत लढले आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या.

याला बाहेरून जुळणाऱ्या काही तारखा आहेत. रघूजी भोसल्यांनी नागपूरचा ताबा घेतला १७४३ साली, ओडिशा त्यांच्याकडे आला १७५१ साली. म्हणजे वैनगंगेकाठी ही वस्ती वाढली ती साधारण अठराव्या शतकात, असं धरायला हरकत नाही. काही जण याहून मागे जातात. परमार राजांचा विदर्भाशी संबंध बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होताच. नागपूरच्या संग्रहालयात ११०४ सालची परमारांची प्रशस्ती आहे, यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगावला जगद्देव परमाराच्या काळचा शिलालेख आहे. पण एखाद्या राजाचा शिलालेख सापडणं आणि आपला पूर्वज तिथे राहत असणं यात फार अंतर आहे. बाराव्या शतकातला शिलालेख आणि अठराव्या शतकातली वस्ती यांच्यामध्ये सहाशे वर्षं आहेत. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत आणि त्यांना जोडणारी की नाही. दोन्हीकडे ‘परमार’ आणि ‘पोवार’ हे शब्द दिसतात म्हणून आपण ती जोडून टाकतो.

रसेल-हिरालाल यांच्याकडे आणखी एक उपयोगी गोष्ट सापडली. कुळांची बरीचशी नावं हुद्द्यांवरून किंवा कामांवरून आली आहेत असं ते नोंदवतात. चौधरी म्हणजे प्रमुख, पटले म्हणजे पाटीलकी करणारे. सोनवाने हे तर फारच सुंदर. वाळीत पडलेल्याला परत जातीत घेताना सोनं बुडवलेलं पाणी शिंपडत, ते पाणी शिंपडणारा तो सोनवानी. आता हेच नाव लिहिताना कुणी ‘सोनवणे’ केलं की ऐकणाऱ्याला नाशिक-जळगावकडचे सोनवणे वाटतात, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आमच्याकडच्या ठाकऱ्यांना मुंबईत हमखास विचारतात, ‘त्यांच्यातले का?’ क्षीरसागर महाराष्ट्रभर आहेत, पण आमच्याकडचे क्षीरसागर छत्तीस कुळांतले. उत्तर प्रदेशात बिसेन राजपूत आहेत, गोंदियात बिसेन पोवार आहेत. नाव एक आहे म्हणून मूळ एक, हे गृहीत धरलं की चुकीचा नकाशा तयार होतो. शरणागत दुर्मीळ आहे त्याचा हा एक फायदा. ते ऐकलं की निदान नदी तरी ओळखता येते.

*

ती नदी वैनगंगा. शिवनी जिल्ह्यात उगम, मग बालाघाट, गोंदिया, भंडारा. पोवारांची गावं नदीच्या दोन्ही अंगांनी याच चार जिल्ह्यांत दाट आहेत. याचं कारण राजाने दिलेल्या सनदेत शोधण्यापेक्षा धानात शोधावं. धानाला बांधी लागते, बांधीला पाणी लागतं, पाण्यासाठी तळं लागतं. पऱ्हे टाकायचे, पाऊस बसला की रोवणी करायची. हे सगळं जिथे जमतं तिथे लोक सरकत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नाईक यांनी परसवाड्याच्या पठारावर गावं वसवल्याची नोंद बालाघाटच्या इतिहासात आहे. म्हणजे लोक पठारावर चढले तेही शेतीच्या मागे.

जिथे धान संपतो आणि कापसाची काळी जमीन सुरू होते तिथे ही आडनावं विरळ होतात. रेल्वे आल्यावरही माणसं फार लांब गेली नाहीत. आडनावं खरी लांब गेली ती माझ्या पिढीत, पुण्या-हैदराबादला.

नदीच्या दोन्ही काठांना १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकच राज्य होतं, जुना मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट आणि शिवनी नव्या मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी मात्र तशाच चालू राहिल्या. आत्याबाई नदी ओलांडून गेली ती तिच्या दृष्टीने शेजारच्या गावात गेली. कागदांच्या दृष्टीने ती दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या स्पेलिंगात गेली. हरिणखेडेचं हरिनखेडे, शरणागतचं सरनागत. भावाच्या आणि बहिणीच्या कागदांवर एकाच बापाची दोन आडनावं झाली. सत्तर वर्षांपूर्वी आखलेली रेघ आमच्या वारसनोंदीत येऊन अडकली.

*

शेवटच्या दोन दिवसांत आजीने पेटीतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. शंभराच्या वर पत्रिका होत्या, लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या. ती एकही पत्रिका टाकत नाही. मी लॅपटॉप उघडला आणि एकेक भरत गेले. वराचं गाव, वराची कुर, वधूचं गाव, वधूची कुर. मग ती गावं नकाशावर टाकली.

आडनावांचे नकाशे इंटरनेटवर पुष्कळ दिसतात. कुठलंही आडनाव टाका, देशावर ठिपके उमटतात. तसा नकाशा मी आधी केला. वराच्या आडनावाप्रमाणे रंग दिले, तर ठिपके जिथल्या तिथे बसले. अमुक गावात शरणागत, तमुक गावात कटरे, पिढ्यानपिढ्या तेच. मग वधूच्या माहेरापासून सासरपर्यंत रेघ ओढली. सगळा नकाशा रेघांनी भरून गेला. तिरोड्यातून लांजी, लांजीतून गोरेगाव, आमगावातून वारासिवनी. नदीवरून, राज्याच्या हद्दीवरून सरळ.

तेव्हा मला कळलं की आडनावाचा प्रसार म्हणून आपण जे बघतो तो फक्त जागेवर बसलेल्या पुरुषांचा नकाशा असतो. चालून गेल्या त्या बायका. प्रत्येक गावातल्या जवळजवळ सगळ्या सुना दुसऱ्या गावातून आल्या आणि येताना आपली कुर उंबऱ्याबाहेर ठेवून आल्या. आजी लांजीकडच्या बिसेनांची मुलगी. पाऊण शतकाहून जास्त काळ ती शरणागत म्हणून जगते आहे आणि तिची कुर एका पत्रिकेशिवाय कुठेही लिहिलेली नाही.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल आहे. मी बाबांची एकुलती एक. वंशावळीच्या कागदावर आमची फांदी माझ्यापाशी थांबते. १८७३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांना प्रश्न पडला होता की मोठ्या घराण्यांची आडनावं नाहीशी का होतात. त्यांनी तो जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन या गणितीने उत्तर शोधलं. प्रत्येक पुरुषाला नशिबाने शून्य, एक, दोन असे मुलगे होतात असं धरा आणि पिढ्या पुढे सरकवा. सरासरी एक मुलगा धरला तर हिशेब सोपा आहे. मी पायथनमध्ये वीस ओळींत करून पाहिला. शंभर आडनावं एकेका पुरुषापासून सुरू केली तर पाच पिढ्यांत त्यातली सुमारे ७३ संपतात. लढाई नको, साथ नको, कुणाला शरण जायला नको. नुसता योगायोग पुरतो. वॉटसन यांनी तर सगळीच आडनावं शेवटी संपतील असं लिहिलं. ती त्यांची चूक होती, १९३० साली स्टेफेन्सन या डॅनिश गणितीने ती दुरुस्त केली. मुलग्यांची सरासरी एकाच्या वर असेल तर काही आडनावं टिकतात. जी टिकतात ती फोफावतात, म्हणून काही नावं गावभर आणि काही एखाद्या घरापुरती.

छत्तिसांच्या यादीतली काही नावं आजीला पाठ आहेत, पण त्या कुरचा एकही माणूस तिने आयुष्यात पाहिलेला नाही. यादीत नाव आहे, घर नाही. ते लोक मेले असं नाही. त्यांच्या मुली कुठेतरी पटले झाल्या, तुरकर झाल्या, कदाचित शरणागत झाल्या. माझ्यातही त्यांच्यापैकी कुणी असेल.

२००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्नानंतर आडनाव बदलावंच असाही कायदा नाही. म्हणजे बांधी माझ्याकडे येईल आणि नावही माझ्यापुरतं मी ठेवीन. त्यापुढचं माझ्या हातात नाही. गावाला जाण्याआधी याची मला भीती वाटत होती, आता तेवढी वाटत नाही. ज्या नावाला आडनाव होऊन शंभर वर्षं झाली नाहीत आणि ज्याचं पहिलं अक्षर गुरुजींनी बदललं, ते अनादि काळापासून सांभाळत आलोय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

वारसनोंद झाली. प्रतिज्ञापत्रात लिहिलं, ‘शरणागत उर्फ सरनागत हे दोन्ही एकाच व्यक्तीचे आडनाव असून’ वगैरे. बाबांनी, आजीने आणि आत्याबाईने सह्या केल्या. हक्कसोड लिहून देतेस का, असं तिला कुणी विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. तिचं नाव फेरफारात लागलं.

निघायच्या आदल्या रात्री आजीने विचारलं, त्या कागदावर माझी कुर लिहिली का? मी म्हटलं, रकाना नाही. ती म्हणाली, मग तुझ्या त्या कॉम्प्युटरात लिही.

लिहिली आहे. तिच्या सासूचीही लिहिली, आजीच्या आठवणीतून. त्याच्या मागची तिलाही आठवली नाही.